हॅनोव्हरच्या अ‍ॅग्रीटेक्निकाला जाताना : सात-बारापासून स्टॉलपर्यंतची तयारी

पुण्याला किंवा नाशिकला भरणाऱ्या कृषी प्रदर्शनाला आपण सकाळी गाडी काढून जातो, दिवसभर फिरतो, पिशवीभर माहितीपत्रके गोळा करतो आणि रात्री घरी परततो. याच सवयीने जर्मनीतील हॅनोव्हरच्या अ‍ॅग्रीटेक्निका प्रदर्शनाला गेलेले अनेक शेतकरी आणि लहान यंत्र-उत्पादक मी पाहिले आहेत. चार दिवसांची पायपीट करून ते परत येतात तेव्हा मोबाइलमध्ये शेकडो फोटो असतात. परंतु आपल्या शेताला बसणारे यंत्र कोणते, ते भारतात कोण देईल आणि त्याचा सुटा भाग कोठे मिळेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर हाती नसते. काहींची तर व्हिसाची फाइलच परत येते आणि विमानाचे पैसे बुडतात. ही चूक प्रदर्शनाच्या दिवशी होत नाही, ती सहा-आठ महिने आधी झालेली असते. म्हणून पुढील टप्प्यांतील बहुतेक कामे घर सोडण्यापूर्वीची आहेत, आणि ती दिलेल्या क्रमानेच करावीत.

टप्पा १ : प्रदर्शन आपल्या कामाचे आहे का, हे ठरवणे

अ‍ॅग्रीटेक्निका हे शेतीयंत्रांचे प्रदर्शन आहे. ते दर दोन वर्षांनी, विषम वर्षी, नोव्हेंबरमध्ये भरते. २०२५ मध्ये ते ९ ते १५ नोव्हेंबर या काळात भरले होते. तेथे गाई-म्हशी, चारा, दूध काढण्याची यंत्रे पाहायला मिळतील या समजुतीने दुग्धव्यावसायिक जातात आणि निराश होतात. पशुपालनाचे युरोटियर हे प्रदर्शन त्याच हॅनोव्हरच्या मैदानावर, त्याच नोव्हेंबर महिन्यात, परंतु सम वर्षी भरते. शहर एक, महिना एक आणि आयोजक संस्थाही एकच असल्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.

इतरांनीही थोडे थांबून विचार करावा. द्राक्ष, डाळिंब किंवा भाजीपाला निर्यात करणाऱ्याला खरेदीदार भेटतात ते बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिकामध्ये, फेब्रुवारीत. पॉलिहाउस आणि संरक्षित शेतीसाठी अ‍ॅमस्टरडॅमचे ग्रीनटेक अधिक उपयोगाचे आहे. द्राक्षबागेतील यंत्रांसाठी फ्रान्समधील माँपेलिये येथे विषम वर्षी भरणारे सिटेव्ही आणि लहान ट्रॅक्टर, पॉवर टिलर, बागेतील ब्लोअर (हवेच्या झोताने फवारणारे यंत्र) यांसाठी इटलीतील बोलोन्या येथे सम वर्षी भरणारे एइमा पाहावे. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याची जमीन पाच-सात एकर आहे आणि ज्याचा ट्रॅक्टर २८ अश्वशक्तीच्या आतला आहे, त्याला बोलोन्यात जितकी कामाची यंत्रे दिसतील तितकी हॅनोव्हरला दिसणार नाहीत. हॅनोव्हरचा खरा फायदा भाडेतत्त्वावर यंत्रे चालवणाऱ्यांना, ऊसतोडणी यंत्राच्या मालकांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदारांना होतो. सुटे भाग पुरवणाऱ्यांसाठी तेथे सिस्टिम्स अँड कंपोनंट्स हा स्वतंत्र विभाग असतो. कोल्हापूर, सांगली किंवा अहिल्यानगरच्या वर्कशॉपवाल्याने आपला निम्मा वेळ तेथेच द्यावा.

तपासणी : "मी तेथे कोणत्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला जात आहे?" हे एका कागदावर लिहून पाहावे. तीन प्रश्न सुचत नसतील, तर यंदाचा दौरा पुढे ढकलावा.

टप्पा २ : स्वतःच्या शेताचे मोजमाप-कार्ड तयार करणे

हे काम जवळजवळ सर्वजण वगळतात, आणि माझ्या अनुभवात दौरा फुकट जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. स्टॉलवरचा माणूस पहिल्याच मिनिटाला विचारतो की ओळींतील अंतर किती, ट्रॅक्टर किती शक्तीचा, क्षेत्र किती. त्यावर आपण "नऊ बाय पाच", "साडेचार फुटी सरी", "बारा एकर" असे सांगतो आणि समोरच्याला काहीच कळत नाही, कारण त्याचे सगळे हिशेब सेंटिमीटर, हेक्टर आणि बार (दाबाचे माप) या एककांत चालतात.

म्हणून घरीच एका जाड कागदावर पुढील माहिती मेट्रिक मापांत लिहावी. क्षेत्र हेक्टरमध्ये लिहावे. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. ओळींतील अंतर सेंटिमीटरमध्ये लिहावे. ९ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर, ५ फूट म्हणजे १५२ आणि साडेचार फूट म्हणजे १३७ सेंटिमीटर. एकरी ४०० लिटर पाणी फवारत असाल, तर ते हेक्टरी सुमारे १,००० लिटर होते. ट्रॅक्टरची अश्वशक्ती, पीटीओचे, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचे, मिनिटाला होणारे फेरे (आपल्याकडे बहुतेक ५४०), मागच्या लिफ्टची उचलण्याची क्षमता किलोमध्ये, हायड्रॉलिकचे किती जोड उपलब्ध आहेत, आणि ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी, हे सारे टेपने मोजून आणि पुस्तिकेत पाहून लिहावे. द्राक्षबागायतदाराने मांडवाची जमिनीपासूनची उंची आणि तारांच्या आधाराच्या खांबांमुळे ओळीच्या टोकाला वळायला उरणारी जागा न विसरता मोजावी.

निफाड तालुक्यातील एका बागायतदाराबरोबर मी एका ब्लोअरच्या स्टॉलवर उभा होतो. यंत्र त्यांना पाहताक्षणी आवडले होते. त्यांनी खिशातून कार्ड काढले, त्यावरील वळण्याच्या जागेचा आकडा दाखवला आणि विक्रेत्याने स्वतःच मान हलवून सांगितले की हे ओढून चालवायचे यंत्र तुमच्या बागेत वळणार नाही, तुम्ही लिफ्टवर बसणारे पाहा. चार मिनिटांत एक मोठी चुकीची खरेदी टळली. कार्ड नसते तर अर्धा तास कौतुकात गेला असता.

मातीचा प्रकार, पिकाचा फोटो आणि आज वापरात असलेल्या यंत्राचा, त्याच्या नेमप्लेटसह, फोटो मोबाइलमध्ये वेगळ्या अल्बममध्ये ठेवावा. जे मोडते त्याचा फोटो तर हवाच. तुटलेल्या दात्याचा किंवा झिजलेल्या बेअरिंगचा फोटो पाहून तेथील अभियंता जितके बोलतो तितके तो आपल्या वर्णनावरून बोलत नाही.

टप्पा ३ : व्हिसाची फाइल

जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात. शंका उपस्थित झाल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. नोव्हेंबरच्या प्रदर्शनासाठी मे महिन्यापासून अर्ज करण्याची मुभा असते, परंतु आपल्याकडील बहुतेक गट दसरा जवळ आल्यावर जागे होतात आणि तोपर्यंत अपॉइंटमेंट मिळणे अवघड झालेले असते. ऑगस्टअखेर फाइल दाखल झालेली असावी. प्रौढ अर्जदाराचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. मुंबई आणि पुणे येथील व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रांत फाइल घेतली जाते व बोटांचे ठसे दिले जातात. निर्णय मात्र वकिलातीचाच असतो, हे लक्षात ठेवावे.

१. पासपोर्ट. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, शेंगेन देशांतून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. मार्चमध्येच हे पाहून घ्यावे.

२. नाव. सात-बारावर "रामराव बापू पाटील", बँकेत "पाटील रामराव बी." आणि पासपोर्टवर आणखी वेगळे, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून इंग्रजी भाषांतरासह जोडावे.

३. उत्पन्नाचा पुरावा. शेती उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे अनेक शेतकरी विवरणपत्र भरत नाहीत आणि फाइलमध्ये नुसता सात-बारा जोडतात. सात-बारा हा जमिनीचा पुरावा आहे, उत्पन्नाचा नाही. त्यासोबत ८-अ उतारा, साखर कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीतील आडत्याच्या हिशोबपट्ट्या, दूध संघाची पगारपत्रके आणि ही सर्व रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा अशी साखळी जोडावी. अधिकाऱ्याला पट्टीवरचा आकडा बँकेच्या उताऱ्यात सापडला पाहिजे. जे विवरणपत्र भरतात त्यांनी गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रे द्यावीत.

४. भाषांतर. मराठी उतारे जसेच्या तसे जोडू नयेत. इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सही-शिक्क्यासह, मूळ प्रतीच्या मागे लावावे. खाते सामाईक असेल तर आपला हिस्सा किती, हे भाषांतरात स्पष्ट यावे.

५. प्रयोजनाचे पत्र. एका पानात सांगावे की मी कोण, कोणते पीक किती हेक्टरवर घेतो, प्रदर्शनात काय पाहणार आहे, खर्च कोण करणार आहे आणि परत का येणार आहे. "परत का" या प्रश्नाचे शेतकऱ्याजवळचे उत्तर भक्कम असते : उभे पीक, जनावरे, गाळप हंगाम, द्राक्षाची एप्रिल आणि ऑक्टोबरची छाटणी. ते नेमक्या तारखांसह लिहावे.

६. प्रदर्शनाचे तिकीट, कार्यक्रमपत्रिका, राहण्याचे आरक्षण आणि किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा, सर्व शेंगेन देशांत चालणारा प्रवास विमा. विम्याची मुदत परतीच्या दिवसापर्यंत पूर्ण असावी.

सावधान : अर्ज त्या देशाकडे करावा लागतो जेथे मुख्य मुक्काम आहे. हॅनोव्हरला दोन दिवस आणि स्वित्झर्लंड-पॅरिसला सहा दिवस असा कार्यक्रम आखून जर्मनीकडे अर्ज केला, तर तो संशयास पात्र ठरतो. त्याचप्रमाणे अर्जात "पर्यटन" आणि सोबत प्रदर्शनाचे तिकीट, असा विसंगत अर्ज करू नये. प्रदर्शनाला जात असाल, तर व्यापारी भेट हेच प्रयोजन लिहावे आणि बाकीचे दिवस त्याला धरून आखावेत.

सावधान : फाइल दाखल करण्यापूर्वी विमानाचे पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये, आरक्षणाची प्रत पुरते. नामंजुरीविरुद्ध वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय जर्मनीने जुलै २०२५ पासून बंद केली आहे. आता नव्याने शुल्क भरून पुन्हा अर्ज करणे किंवा जर्मनीतील न्यायालयात जाणे, एवढेच मार्ग उरतात. "व्हिसाची हमी" देणाऱ्या एजंटाकडे वळू नये. अशी हमी कोणालाही देता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका गटाच्या फाइलमध्ये अशाच मध्यस्थाने सर्वांसाठी एकसारखे, फक्त नावे बदललेले पत्र जोडले होते. चौदापैकी नऊ अर्ज परत आले. ते सारे खरे, कष्टाळू शेतकरी होते आणि त्यांच्याकडे दाखवण्यासारखी कागदपत्रे होती, याचे आजही वाईट वाटते.

टप्पा ४ : राहणे, प्रवास आणि पैसे

प्रदर्शनाच्या आठवड्यात हॅनोव्हर शहरातील हॉटेलांचे दर कित्येक पटींनी वाढतात. रद्द करता येणारे आरक्षण सहा-आठ महिने आधी करावे किंवा हिल्डेसहाइम, ब्राउनश्वाइग, त्सेले अशा जवळच्या गावांत, रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी राहावे. मुंबईहून हॅनोव्हरला थेट विमान नाही. फ्रँकफर्टला उतरून विमानतळाच्याच स्थानकावरून लांब पल्ल्याची रेल्वे पकडली, तर सुमारे अडीच तासांत हॅनोव्हर येते. विमान उतरण्याची वेळ आणि रेल्वेची वेळ यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. युरोपातील नव्या प्रवेश-निर्गमन नोंदणीमुळे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र सीमेवरच घेतले जाते आणि रांग लांबते.

शहरातून मैदानावर जाण्यासाठी स्टाटबान ही स्थानिक गाडी आहे. आठ क्रमांकाची गाडी उत्तर प्रवेशद्वाराकडे आणि सहा क्रमांकाची पूर्वेकडे जाते. रेल्वेने येणाऱ्यांसाठी हॅनोव्हर मेसे-लात्सेन हे स्थानक पश्चिमेच्या बाजूला आहे. मैदान एवढे विस्तीर्ण आहे की चुकीच्या दारातून आत गेल्यास सकाळचा एक तास चालण्यात जातो. त्यामुळे "कोणते दार" हे आदल्या रात्री ठरवावे.

पैशांचा बराचसा भाग फॉरेक्स कार्डवर (परकीय चलन भरलेल्या कार्डवर) ठेवावा. रोख चलन भारतातून एका फेरीत ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येते. सहल कंपनीमार्फत जात असाल, तर रकमेवर उगमस्थानी कर वसूल केला जातो. तो आपल्या पॅनवर जमा झाला आहे ना, हे २६-एएस पत्रकात पाहावे आणि तो परत मिळवण्यासाठी त्या वर्षी विवरणपत्र भरावे. हे न भरल्यामुळे अनेक शेतकऱ्यांचे पैसे सरकारजमा राहतात. राज्य शासनाच्या कृषी विभागाची परदेश अभ्यास दौऱ्याची अनुदान योजनाही आहे. तिच्या निवडीची प्रक्रिया वेगळी असल्याने तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वर्षाच्या सुरुवातीलाच चौकशी करावी.

टप्पा ५ : घरी बसून प्रदर्शन "फिरणे"

वीसहून अधिक हॉल आणि २,७०० हून अधिक प्रदर्शक असलेल्या ठिकाणी "जे दिसेल ते पाहू" हे धोरण चालत नाही. प्रदर्शकांची यादी आयोजकांच्या संकेतस्थळावर काही महिने आधी येते आणि ती यंत्रांच्या प्रकारानुसार चाळता येते. आपल्या तीन प्रश्नांशी संबंधित ३० ते ४० नावे निवडावीत, त्यांतून १२ "भेटायचेच" आणि उरलेली "वेळ मिळाल्यास" अशी विभागणी करावी, आणि मग ती हॉलनुसार लावावीत. नवीन यंत्रांना सोन्याची व रुप्याची पदके दिली जातात आणि त्यांची यादीही प्रदर्शनाआधी प्रसिद्ध होते. ती वाचल्याने नवे काय आहे हे घरीच कळते.

त्या १२ कंपन्यांना चार आठवडे आधी ईमेल पाठवावा. त्यात आपली ओळख, मोजमाप-कार्डावरील मुख्य आकडे, एकच नेमका प्रश्न आणि भेटीसाठी दोन पर्यायी वेळा, एवढेच असावे. भारतात त्यांचा वितरक आहे का, हे अवश्य विचारावे. अनेकदा उत्तर येते की आमचा पुण्यातला माणूस त्या दिवशी स्टॉलवर असेल. तेव्हा भाषेचाही प्रश्न सुटतो.

तपासणी : गट मोठा असेल तर तीन-चार जणांच्या तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीत इंग्रजीत बोलणारा एक जण असावा. तीस जणांच्या मागे एकच मार्गदर्शक फिरत असेल, तर मागच्या वीस जणांना काहीही ऐकू येत नाही.

टप्पा ६ : बॅग भरताना

नोव्हेंबरमध्ये हॅनोव्हरला दिवसाचे तापमान एक अंकी असते, पाऊस पडतो आणि साडेचारच्या सुमारास अंधारू लागते. नवे बूट घालून जाऊ नये. महिनाभर वापरून सैल झालेले बूट न्यावेत. हॉलमध्ये उकडते आणि बाहेर गारठा असतो, म्हणून एका जाड कोटापेक्षा दोन-तीन थर बरे.

सावधान : युरोपीय संघात भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. पेढे, बर्फी, खवा, तूप, चक्का घरीच ठेवावे. ताजी फळे, कढीपत्ता, रोपे आणि बियाणे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. स्टॉलवर दाखवायला म्हणून स्वतःच्या बागेतील द्राक्षाचा घड किंवा माती नेण्याचा मोह टाळावा, त्याचा फोटो पुरतो. शेंगदाण्याची चटणी, भाजलेला चिवडा, खाकरा हे शाकाहारी माणसाला चार दिवस तारून नेतात, कारण मैदानावर बहुतेक खाणे मांसाहारी असते. रविवारी जर्मनीत बहुतेक दुकाने बंद असतात, हे धरून पाणी व पाव शनिवारीच घ्यावेत. औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत.

दौऱ्यात एखाद्या फार्मची भेट असेल, तर गोठ्यात वापरलेले बूट नेऊ नयेत. लाळ्या-खुरकूत रोगाबाबत तेथील पशुपालक अत्यंत दक्ष असतात आणि ते रास्तच आहे.

टप्पा ७ : पहिला दिवस

पहिल्या दिवशी खरेदीची बोलणी करू नयेत. विमानप्रवासाचा शीण असतो आणि डोळे दिपलेले असतात. सकाळी नऊला दारे उघडताच आत जावे, नकाशा घ्यावा आणि आपल्या यादीतील स्टॉल प्रत्यक्ष कोठे आहेत, दोन हॉलमध्ये चालायला किती मिनिटे लागतात, बसायची जागा कोठे आहे, एवढेच पाहावे. मोठमोठ्या कम्बाइन (कापणी-मळणी यंत्रे) आणि शेकडो अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांवर चढून फोटो काढण्याची हौस याच दिवशी, दुपारनंतर भागवावी. ती मनात ठेवली तर पुढच्या दिवसांचे काम बिघडते. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊ ते अकरा या वेळेत सर्वांत महत्त्वाच्या भेटी ठेवाव्यात, कारण तेव्हा स्टॉलवर गर्दी कमी आणि तंत्रज्ञ ताजातवाना असतो. एका दिवसात पाचपेक्षा अधिक ठरवलेल्या भेटी घेऊ नयेत.

टप्पा ८ : स्टॉलवर

क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम स्टॉलच्या क्रमांकाच्या पाटीचा फोटो, मग यंत्राच्या नेमप्लेटचा, मग यंत्राचा आणि शेवटी भेटलेल्या माणसाच्या कार्डाचा. चार फोटो याच क्रमाने काढले, तर घरी आल्यावर कोणते यंत्र कोणाचे हे शोधावे लागत नाही. फोटो काढण्यापूर्वी विचारावे. काही कंपन्यांना नवीन यंत्राच्या आतील भागांचे फोटो चालत नाहीत.

मोजमाप-कार्ड समोर ठेवावे आणि पुढील प्रश्न याच ओळीने विचारावेत : माझ्या ट्रॅक्टरवर हे चालेल का, रिकामे आणि भरलेले वजन किती, तासाला किती हेक्टर काम होते आणि हेक्टरी डिझेल किती लागते, सर्वांत आधी कोणता भाग झिजतो, तो भाग भारतात कोण देईल आणि किती दिवसांत, यंत्र भारतात किंवा आपल्यासारख्या उष्ण, धुळीच्या प्रदेशात कोठे चालू आहे. किंमत अगदी शेवटी विचारावी. "कोणता भाग झिजतो" हा प्रश्न ऐकून विक्रेता अडखळला, तर कारखान्याचा तंत्रज्ञ बोलावण्याची विनंती करावी. तो बहुधा मागच्याच टेबलावर बसलेला असतो आणि खरी माहिती त्याच्याकडून मिळते.

सावधान : स्टॉलवर सांगितलेली किंमत सहसा कारखान्याच्या दारातली असते. त्यावर जहाजभाडे, विमा, सीमाशुल्क, जीएसटी आणि बंदरातून गावापर्यंतचा खर्च चढतो. किंमत कोठपर्यंतची आहे हे लेखी घ्यावे. अनुदानाच्या भरवशावर तर मुळीच होकार देऊ नये, कारण आपल्याकडे कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रासारख्या मान्य संस्थांत चाचणी झालेल्या यंत्रांना मिळते. त्या मॉडेलचा भारतीय चाचणी अहवाल आहे का, हे विचारावे. प्रदर्शनात कोणत्याही कागदावर सही करू नये आणि आगाऊ रक्कम देऊ नये, मग सवलत "आजपुरतीच" असली तरी.

माहितीपत्रके घेऊ नयेत. ती वजनदार असतात आणि त्यांच्या प्रती संकेतस्थळावर मिळतात. सुट्या भागांची यादी आणि चालवण्याची पुस्तिका मात्र ईमेलने मागवावी.

टप्पा ९ : रोज रात्रीची अर्ध्या तासाची बैठक

खोलीवर परतल्यावर जेवणाआधी तुकडीने एकत्र बसून प्रत्येक भेटीबद्दल तीन ओळी वहीत लिहाव्यात : काय कळले, काय कळले नाही, पुढे कोणाला विचारायचे. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचे काहीही आठवत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. "काय कळले नाही" या ओळींवरून दुसऱ्या दिवशीची यादी सुधारावी आणि गरज वाटल्यास त्याच स्टॉलवर पुन्हा जावे. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाशी विक्रेता वेगळ्या गांभीर्याने बोलतो.

टप्पा १० : परतताना आणि परतल्यावर

बियाणे, रोपे, कलमकाड्या आणि माती भारतात आणू नयेत. त्यासाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना व वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. द्राक्षाच्या नव्या वाणाची काडी मोज्यात लपवून आणणारा माणूस आपल्याच तालुक्यात नवा रोग आणू शकतो. ड्रोनही घेऊ नये. तयार ड्रोनच्या आयातीवर भारताने फेब्रुवारी २०२२ पासून बंदी घातली आहे. सिरॅमिक नोझल, मोजमापाची साधने, लहान सुटे भाग बिलासह आणता येतात, आणि दुकानातून ५० युरोंपेक्षा अधिकची खरेदी केली असल्यास करपरताव्याचा फॉर्म विमानतळावरील सीमाशुल्क कार्यालयात, सामान विमानात देण्यापूर्वी, शिक्का मारून घ्यावा.

घरी पोहोचल्यावर सात दिवसांच्या आत ज्या पाच-सहा कंपन्यांशी पुढे बोलायचे आहे त्यांना ईमेल करावा आणि त्यात भेटीची तारीख, स्टॉल क्रमांक व बोललेला मुद्दा लिहावा. दोन आठवडे उलटले की हजारो भेटींच्या गर्दीत आपली आठवण पुसली जाते. त्यानंतर, खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी, ते यंत्र किंवा त्याच प्रकारचे दुसरे यंत्र भारतात जेथे चालू आहे तेथे स्वतः जावे, चालवणाऱ्याशी बोलावे आणि शक्य असल्यास आपल्या ट्रॅक्टरला जोडून एक तास चालवून पाहावे. वहीतील "काय कळले नाही" या ओळींपैकी शेवटची ओळ तेथे खोडली गेली, तरच पैशांची बोलणी सुरू करावीत.